काकाजी, जंगलाचा हिशोब शिकवला त्याबद्दल मनापासून आभार

सेवा जोहार काकाजी,

तुमचा मुलगा हे तुम्हाला वाचून दाखवेलच, पण बाकीच्यांनाही कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. मे महिन्यात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आमचं शिबिर झालं तेव्हा ऐन तेंदूच्या हंगामात, घरात एकेक हात मोलाचा असताना, तुम्ही आम्हा कॉलेजच्या पोरापोरींना सोबत घेऊन जंगल फिरलात. निघताना गाडीची घाई झाली आणि धड बोलताही आलं नाही.

मी गोंड आहे, पण आजोबा नोकरीसाठी चंद्रपूरला आले आणि आम्ही तिथलेच झालो. गोंडी कानावर पडायची ती आजी तिच्या बहिणीशी फोनवर बोलायची तेव्हाच. आपल्या गोंडांत कुळं देवांच्या संख्येवरून ओळखतात, म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, किती देवाचा रे तू? मी तिथूनच आईला फोन लावला, ती म्हणाली सात देवे, आणि तुम्ही लगेच म्हणालात की मग तू पाहुणा नाही, आमचा भाऊच, जा आत जाऊन जेव. त्या रात्री तुम्ही सगा, म्हणजे सारख्या देवांच्या कुळांचा गट, कसा चालतो, सारख्या देवांच्या घरात सोयरीक का होत नाही, कुळाचं झाड नि जनावर का राखायचं हे सगळं सांगत बसलात. एवढे वर्ष हे मला कुणी सांगितलं नव्हतं काकाजी, आणि मी कुणाला विचारलंही नसतं.

काकूंनाही सांगा, त्यांचं तेंदू बांधणं डोळ्यासमोरून जात नाही. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परत, आणि मग अख्खं घर ओसरीवर बसून पुडे बांधणार. भोक पडलेलं पान बाजूला, फार कोवळं बाजूला, ७० पानं झाली की सालीची दोरी गुंडाळून गाठ. काकू गप्पा मारता मारता बांधायच्या आणि आम्ही मोजून बघितलं तरी ७० म्हणजे ७०च. संध्याकाळी तेच पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन ओळीत वाळत घालायचे. एका बिडीच्या पानामागं एवढे हात असतात!

आणि बांबू. तुम्ही एका बेटापाशी आम्हाला थांबवून विचारलंत, यातला कोणता तोडाल? सगळ्यांनी सरळ, हिरवागार, देखणा तोच दाखवला. तुम्ही त्याच्या पेराला चिकटलेली साल दाखवलीत, अंगावरची पांढरी भुकटी बोटानं पुसून दाखवलीत, म्हणालात हा या वर्षीचा आहे, याला हात नाही लावायचा, पिवळट पडलेला जुना तोडायचा आणि पावसाळ्यात नवे कोंब येतात तेव्हा तोडणी बंद. ग्रामसभेत बसून हे नियम गावानंच ठरवलेत आणि गावच पाळतं, हे मला सगळ्यात भारी वाटलं. शहरात आदिवासी संस्कृती म्हटलं की लोकांना रेला नाच आणि मोरपिसं आठवतात, नाच आम्हीही नाचलो, पण हा तोडणीचा नियम आणि रजिस्टरातला हिशोब ही पण संस्कृतीच आहे असं मला आता अगदी ठाम वाटतं.

मेंढा-लेखा गावाला नेलंत त्याचे वेगळे आभार. वनहक्क कायदा २००६ चा, गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये, पण स्वतःचा बांबू बाहेर विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि त्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. कागदावर हक्क असून दोन वर्षं लोक चिकटून राहिले! 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा मी आधी ऐकली होती, पण त्यामागे किती बैठका आणि किती कागद असतात ते तिथं गेल्यावर समजलं.

तुम्ही म्हणत होता ना, तोडणी सुरू झाली की हिशोब लिहायला माणूस कमी पडतो. माझी परीक्षा दिवाळीआधी संपते, मी येतो. आईपण येते म्हणतेय, तिला तुमच्या घरी गोंडीत पोटभर बोलायचंय, काकूंना सांगून ठेवा.

तुमचाच,
चंद्रपूरचा सात देवे पोरगा