मॉडेलमधलं यंत्र आणि कंट्रोल रूममधलं यंत्र एका क्रमांकाने जोडा : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
कर्नाटक सरकार, बंगळूर यांस,

सा. न. वि. वि.

मोठ्या सरकारी इमारतीच्या कामात हल्ली दोन महागड्या गोष्टी घेतल्या जातात. एक, इमारतीचं त्रिमितीय माहिती-मॉडेल, म्हणजे बिम. दुसरी, वातानुकूलन, पंप, वीज यांवर नजर ठेवून ती चालवणारी संगणक-यंत्रणा, म्हणजे बीएमएस. दोन्हींचे कंत्राटदार वेगळे असतात आणि दोघांची गाठ पडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पुढच्या प्रत्येक निविदेत ही गाठ घालून द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

गाठ नसली की काय होतं ते पाहा. मध्यरात्री पडद्यावर इशारा येतो : ‘एएचयू_२एफ_०७, तापमान जास्त’. (एएचयू म्हणजे हवा थंड करून खोल्यांत पाठवणारं यंत्र.) मॉडेलमध्ये त्याच यंत्राचं नाव ‘एएचयू-ओटी-३’ आणि पॅनेलवरच्या स्टिकरवर ‘यू-१७’. ऑपरेटर शिडी आणि बॅटरी घेऊन फॉल्स सीलिंगच्या फरश्या एकेक उचलत त्या यंत्राचा व्हॉल्व्ह शोधत फिरतो. खाली शस्त्रक्रियागृह असतं. ६ × ६ × ३ मीटरची ती खोली १०८ घनमीटरची. तासाला २० वेळा हवा बदलायची तर यंत्राने तासाला २,१६० घनमीटर हवा दिलीच पाहिजे. व्हॉल्व्ह सापडायला लागलेला प्रत्येक मिनिट त्या खोलीतल्या रुग्णाच्या खात्यावर पडतो.

यावरचा उपाय म्हणजे एक तक्ता. मॉडेल आयएफसी या खुल्या स्वरूपात मागितलं की त्यातल्या प्रत्येक यंत्राला २२ अक्षरांची कायमची ओळख मिळते. तिच्यासमोर खोलीचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, बॅकनेटचा (बीएमएसमधली उपकरणं आपसात बोलतात ती ठरलेली भाषा) डिव्हाइस, म्हणजे उपकरण-क्रमांक, त्यातल्या ऑब्जेक्टचा, म्हणजे एकेका नोंदीचा, प्रकार आणि क्रमांक, एकक आणि मोजमापाची मर्यादा लिहायची. एका एएचयूला साधारण १४ बिंदू, म्हणजे मोजायचे आकडे आणि द्यायचे हुकूम, लागतात आणि प्रत्येक बिंदूची एक ओळ : जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेचं तापमान, आर्द्रता, फिल्टरवरचा दाबफरक, पंख्याचा हुकूम आणि त्याची पोच, व्हीएफडीचा (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) वेग, त्याची पोच आणि ट्रिप (बिघाडाने बंद पडणं), व्हॉल्व्हचा हुकूम आणि प्रत्यक्ष उघडीप, ताज्या हवेचा डॅम्पर (हवेची झडप), आगीच्या वेळचा फायर डॅम्पर, धूर. ३० एएचयू असले की ४२० ओळी झाल्या. कामाच्या मानाने हा तक्ता फार मोठा नाही, पण तो बांधकाम चालू असतानाच भरावा लागतो. छत बंद झाल्यावर तो भरायचा म्हणजे पुन्हा शिडी आली.

तक्ता बिघडण्याच्या वाटाही माहीत असाव्यात. मॉडेलमधलं यंत्र पुसून नव्याने ठेवलं की त्याची २२ अक्षरी ओळख बदलते आणि तक्त्यातली ओळ अनाथ होते. म्हणून बदल झाला की तक्ता आणि मॉडेल पुन्हा ताडून पाहायला हवेत. दोन कंट्रोलरांना (यंत्रांजवळ बसवलेले छोटे नियंत्रक) एकच डिव्हाइस क्रमांक दिला गेला, तर पडद्यावर एकाच्या जागी दुसऱ्याचे आकडे येतात. मॉडबस या दुसऱ्या भाषेत बोलणारा मीटर असला तर रजिस्टरची, म्हणजे त्यातल्या आकड्यांच्या घरांची, मोजणी ० पासून की १ पासून, यावर वाचन एक घर सरकतं. कंट्रोलरांना जोडणारी आरएस-४८५ची तार एका रांगेतच ओढावी, फांद्या फोडू नयेत आणि १२० ओहमचा रोधक फक्त दोन टोकांना लावावा. मधल्या कंट्रोलरांनाही तो लावला, तर एखादा कंट्रोलर अधूनमधून गायब होत राहतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

आमच्याकडची एक अडचण वेगळी सांगतो. लाइट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत सर्व्हर यूपीएसवर तग धरतो, पण शाफ्टमधला नेटवर्क स्विच आणि कंट्रोलर बहुधा त्यावर नसतात. मग पडद्यावर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो आणि ऑपरेटरला वाटतं, सगळं ठीक आहे. तेव्हा स्विच आणि कंट्रोलरही यूपीएसवर घ्यावेत आणि संपर्क तुटलेला बिंदू पडद्यावर वेगळ्या रंगात दिसावा, हे निविदेत लिहूनच घ्यायला हवं.

दुसरी अडचण हवेची. याच जिल्ह्यात खानापूरला पावसाळाभर हवा ओली आणि अथणीकडे उन्हाळा कोरडा. बंगळूरच्या इमारतीतून उतरवलेले सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेले तापमान-आर्द्रतेचे आकडे, दोन्हीकडे चालणार नाहीत. खानापूरला हवा गार करून पाणी काढल्यावर ती थोडी परत तापवावी लागते, नाहीतर खोली थंड आणि दमट राहते. कोणत्या खोलीला काय लागतं हे मॉडेलमध्ये खोलीच्याच नोंदीत असावं आणि बीएमएसने ते तिथून उचलावं. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधासारख्या, अधिवेशनाच्या दिवसांतच गजबजणाऱ्या इमारतींना तर अशी खोलीवार जोडणी फार उपयोगी. ज्या दालनात बैठक असेल तेवढंच चालू ठेवता येतं.

भाषेचंही पाहा. इथले ऑपरेटर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. टॅग, म्हणजे यंत्राचं किंवा बिंदूचं सांकेतिक नाव, अंक आणि रोमन अक्षरांतच ठेवावा, कारण जुने कंट्रोलर दुसरी लिपी दाखवत नाहीत. पडद्यावरचं वर्णन मात्र मराठी आणि कन्नडमध्ये द्यावं. इशारा वाचायला दुभाष्या लागू नये.

तपासणी कागदावर उरकू नये. सेन्सर हाताने धरून गरम करावा आणि पडद्यावर त्याच खोलीचा आकडा चढतो का ते पाहावं. व्हॉल्व्हला ०, ५० आणि १०० टक्के हुकूम देऊन खाली उभं राहून बघावं. असे सगळे बिंदू तपासून, सहीचा तक्ता आणि झालेल्या बदलांसह मॉडेल हाती आल्यावरच दोन्ही कंत्राटदारांचं अंतिम बिल सोडावं. हे एक कलम घातलंत तर बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येईल.

क्षणाक्षणाचे आकडे मॉडेलमध्ये ओतण्याचा मोह मात्र टाळावा. फिरत्या त्रिमितीय चित्रावर लाल-हिरवे ठिपके बैठकीत छान दिसतात, पण फाइल जड होऊन वर्षभरात कुणी ती उघडत नाही. बदलणारे आकडे बीएमएसच्या डेटाबेसमध्ये, न बदलणारी माहिती मॉडेलमध्ये आणि दोन्हींच्या मधे तो तक्ता. बॅकनेटचं ४७८०८ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं त्याचं दार, इंटरनेटवर उघडं राहणार नाही, याचीही जबाबदारी कुणावर तरी नावानिशी टाकावी.

तक्ता सांभाळायला माणूस लागेल. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. तिथे आणि इथल्या आयटीआयमध्ये यासाठी छोटा अभ्यासक्रम सुरू करावा आणि प्रत्येक मोठ्या इमारतीच्या देखभाल करारात एका प्रशिक्षित तंत्रज्ञाचं पद धरावं. कंट्रोलर बदलला त्याच दिवशी तक्त्यातली ओळ बदलणं, हे त्याच्या कामाचं पहिलं कलम असावं.

आपले,
इमारत-यंत्रणांची उभारणी आणि देखभाल करणारे अभियंते व तंत्रज्ञ,
बेळगाव, खानापूर, निपाणी