दत्तू, तो फोटो आग्र्याचाच होता

नाशिक, सिडको
४ डिसेंबर

दत्त्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर वाच. गुंड्याच्या दहाव्याला आलो नाही, मागून फोन पण केला नाही, तू दोनदा केलास तो उचलला नाही. गुडघ्याचं कारण सुनेकडून कळवलं ते निम्मं खरं आहे, गुडघा आहेच. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. हे पत्र मी मोबाईलवर बोलून टाइप करतोय, नातवाने शिकवलं, मी हार्नेस म्हटलं की हा हरणं लिहितो, म्हणून काही चमत्कारिक दिसलं तर तू समजून घे, आग्र्याला तुझं इंग्लिश आम्ही समजून घेतलं तसं.

तर झालं असं. आपल्या हॉलमधला तो फोटो तुला माहितीये. माहितीये म्हणजे काय, त्याच्यावरून तू माझ्या साडूच्या देखत माझी इज्जत काढली होतीस आणि दोन वर्षं आपण बोललो नव्हतो. तेव्हाच्या पेपरातला, आभाळभर पॅराशूटच्या छत्र्या, तो मी मेन रोडच्या स्टुडिओत मोठा करून घेतला आणि खाली रंगाने लिहून घेतलं, टांगाईल, ११ डिसेंबर १९७१. येईल त्याला दाखवायचो, एकाहत्तरच्या लढाईत पूर्व पाकिस्तानात आपली पलटण उतरली तो हा दिवस, ही डावीकडची तिसरी छत्री माझी. तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालास, चांगू, हा आग्र्याजवळच्या मालपुऱ्याचा डीझेड आहे, आपलं सरावाला उडी मारायचं मैदान, खाली माळ बघ, टांगाईलला माळ कुठे होता, सगळी भातखाचरं आणि तळी. आणि भर दुपारचं ऊन आहे यात, आपण उतरलो तेव्हा दिवस कलला होता. मी तुला घराबाहेर काढलं. आता सांगतो, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अरे मालपुऱ्यावर आपल्या पहिल्या पाच उड्या झाल्या, तिथली माती मी विसरीन का?

परवा नातू मोबाईल घेऊन आला. आबा, हा फोटो फेक आहे. दिल्लीच्या लष्करी पीआरओने पॅरा ब्रिगेडच्या आग्र्यातल्या सरावाचा जुना फोटो पेपरांना दिला, तो परदेशी पेपरांत पण छापून आला, आणि आपण ७०० च्या आसपास माणसं असताना अख्खी ब्रिगेड, ५००० माणूस उतरल्याची बातमी झाली, ढाक्याला पाकिस्तानी जनरल नियाझीच्या लोकांची त्यानेच टरकली, असं सगळं त्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं बघ, म्हणजे फोटोने पण लढाई केली की. तो हसला नाही. फोटोकडे बघत म्हणाला, आबा, मग तुम्ही खरंच गेला होतात ना?

दत्तू, कोणी कानाखाली मारली असती तरी चाललं असतं.

मेडल आहे, डिस्चार्ज बुक आहे, सगळं काढून ठेवलं पुढ्यात. तो म्हणाला, तसं नाही आबा, सांगा ना काय झालं ते. आणि मी सांगायला बसलो तर काय सांगणार, इतकी वर्षं मी त्याला गोळ्या झेलत उतरल्याचं सांगत आलोय. खरं तर मी तळ्यात पडलो. छातीएवढं पाणी, खाली चिखल, छत्रीचं कापड डोक्यावर ओल्या गोधडीसारखं, आणि तू काठावर उभा राहून आधी पोटभर हसलास आणि मग छत्रीच्या पट्ट्याला धरून ओढलंस. ते काही मी विसरलेलो नाही. मग ती लुंगीतली पोरं जय बांगला ओरडत धावत आली तर आपण त्यांच्यावर रायफली रोखल्या, आणि पाच मिनिटांनी तीच पोरं आपल्या दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पुढे चालत होती. हे सांगितलं. त्याला आवडलं. पॅकेट विमानातलं पण सांगितलं, इंजिनचा आवाज, उलटीचा वास, हुक अप, लाल दिवा, आणि तो हिरवा होईस्तोवर गुंड्या माझ्या मागे हनुमान चालीसा चुकीची म्हणत होता. गांधीनगरचं हेलिकॉप्टर घरावरून गेलं की अजून माझा हात स्टॅटिक लाइनचा, छत्री आपोआप उघडणाऱ्या पट्ट्याचा, हुक चाचपायला वर जातो, ही बघते आणि काही बोलत नाही.

पूंगलीचा पूल सांगितला. अंधार पडल्यावर आपण तो घेतला, मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याला निघालेली पाकिस्तानची ब्रिगेड अडवायची होती, आणि त्या गाड्या खुशाल दिवे लावून आल्या, कारण आपण पुलावर आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पोरगा पुढे सरकून बसला. मग काय झालं आबा? मी म्हटलं मग फायर. मग? मग परत आले, परत फायर, रात्रभर. मग सकाळी?

सकाळी म्हटल्यावर मी गप्प. म्हटलं सकाळी काही नाही, संध्याकाळी आपली १ मराठा पलटण येऊन मिळाली, धुळीतून आवाज आला कोन हाय रं तिकडं, आणि आपल्या पलटणीचे सीओ, कमांडिंग ऑफिसर पन्नूसाहेबांना महावीर चक्र मिळालं, १६ तारखेला ढाका. पटापटा संपवलं. पोरगं हुशार आहे, त्याच्या लक्षात आलं की १२ तारखेची सकाळ आबाने खाल्ली.

खाल्लीच की रे. शब्द बघ कसा तोंडात आला.

ती लॉरी. खड्ड्यात नाक खुपसलेली. आपले शक्करपारे तळ्याच्या पाण्यात भिजून लगदा झालेले, आदल्या दुपारपासून पोटात काही नाही, आणि गुंड्याने वासावरून काढलं की मागे डेग आहे. तू म्हणालास नको. मी म्हटलं अन्न आहे, अन्नाला कुठला मुलूख. ड्रायव्हर स्टीअरिंगवर होता तसाच होता आणि आपण मागच्या फळीवर बसून त्याच्या पलटणीचा भात हाताने खाल्ला. कोमट होता अजून. तू पण खाल्लास, शेवटी. त्यावर आपण तिघं कधीच बोललो नाही, फोटोवरून भांडलो, सुभेदाराच्या घड्याळावरून भांडलो, त्याच्यावर नाही. मारल्याचं मला कधी काही वाटलं नाही, खरंच नाही, ते आले, आपण होतो. पण तो भात.

दहाव्याला गुंड्याच्या पिंडावरचा भात बघायचा आणि मग पंगतीला बसायचं, हे मला होईना. एस्टीचं तिकीट काढलं होतं, ठक्कर बाजारला जाऊन माघारी आलो. हे मी हिला सांगितलेलं नाही.

आता १६ तारखेला नातवाच्या शाळेत मला बोलावलंय, विजय दिवस. बाईंचा निरोप आहे की येताना तो फोटो आणा. फोटो नेऊ का? नेला तर आग्र्याचा म्हणून सांगू का? आणि मला हे पण आठवत नाही की त्या सरावात मी होतो का तेव्हा बहिणीच्या लग्नाच्या रजेवर होतो. सरावात असलो तर तिसरी छत्री माझी असू पण शकते, हसू नकोस, तू तारखा लिहून ठेवायचास, ती वही बघ जरा. सहावीची पोरं आहेत, त्यांना भाताचं कोण सांगतं. पण नातू समोर बसणार, आणि तो बरोबर विचारणार, मग सकाळी?

तुझा मोतीबिंदू झाला का? धाकट्याची बदली? ऊस गेला असेल तर चार दिवस ये इकडे, १५ ला आलास तर बरं, शाळेत दोघं बसू, तू तळ्याचं सांग हवं तर. मिसळ खाऊ घालतो. वहिनींना नमस्कार.

आणि एक सांग, आता विचारायला दुसरं कोणी उरलं नाही. त्या भातात मीठ होतं का? मला तो अळणी आठवतो. गुंड्या एकदाच बोलला होता, दारू पिऊन, चांगला होता म्हणाला.

तुझा,
चांगू