कोणाचा आरोपी विमानाने, कोणाचे वॉरंट पोस्टाने

महोदय,

परराज्यातून आरोपी आणल्याची कालची बातमी वाचली. पथक रात्री निघाले, सकाळी पोहोचले, तिथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी) घेतला आणि संध्याकाळच्या विमानाने परत. अभिनंदन! फक्त आपल्या प्रतिनिधीने लिहिलेली ती 'किचकट प्रक्रिया' नेमकी कोणती, हे कळले नाही. अमेरिकेत आरोपी राजी नसेल तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला गव्हर्नरचे वॉरंट लागते. आपल्याकडे तेवढेही नाही. फौजदारी प्रक्रियेचा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचे कलम ७९ सांगते की वॉरंट भारतात कुठेही बजावता येते. परजिल्ह्यात अटक झाली आणि वॉरंट काढणारे कोर्ट ३० किलोमीटरच्या आत नसेल, तर तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे आणि घेऊन यायचे.

मग माझाच आरोपी का येत नाही?

माझा खटला चेक न वटल्याचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा. २०१५ च्या दुरुस्तीमुळे चेक माझ्या खात्यात भरला की दावा माझ्या गावात चालतो. सोय झाली म्हणून आम्ही व्यापारी खूश होतो. पण दावा इथे आणि देणेकरी शेजारच्या राज्यात, म्हणजे समन्सपासून सगळे टपालाच्या भरवशावर. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. दरवेळी तिकडून एकच शेरा: 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' सदर इसमाचे दुकान त्याच पत्त्यावर उघडे असते. पाटीचे नवे फोटो तो स्वतःच इंटरनेटवर टाकतो, सणासुदीच्या सवलतीसह.

इथल्या पोलीस ठाण्यात गेलो, तर आधी 'बंदोबस्त आहे', मग 'तिकडे माणूस पाठवायला मंजुरी लागते', आणि शेवटी अगदी आपुलकीने, 'तुमच्याकडून गाडीची सोय होईल का?' पैसे बुडालेल्याने बुडवणाऱ्याला आणायला गाडीही द्यायची!

असे खटले सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा, असे कायदाच म्हणतो. खटला चालू असताना चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही मिळू शकते. पण ती आरोपीने कोर्टात येऊन 'गुन्हा कबूल नाही' म्हटल्यावर. जो येतच नाही, तो नाकबूल तरी कधी करणार? वकील म्हणतात, आता फाइल डॉर्मंटला जाईल, म्हणजे आरोपी सापडेपर्यंत बाजूला पडून राहील.

आणि पोलिसांना परराज्य परके वाटते, असेही नाही. मे २०२२ मध्ये पंजाब पोलिसांनी भाजप नेते तजिंदर बग्गा यांना दिल्लीतून उचलले, हरियाणा पोलिसांनी कुरुक्षेत्रात अडवले आणि दिल्ली पोलीस त्यांना परत घेऊन गेले. एका दिवसात तीन राज्यांची पोलीस दले एका माणसामागे! माझ्या आरोपीसाठी एक हवालदार पुरे. तो राजकारणात नाही, हा माझा दोष नव्हे.

जाता जाता, याच विषयावरचे माझे मागचे पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभार. पण त्यातली कलमे आणि ठाण्यातला सगळा प्रसंग कापून 'न्यायदानास विलंब होऊ नये' एवढेच ठेवलेत. तेवढे म्हणायला मला पत्र लिहायची गरज नव्हती. या वेळी जागा कमी पडली तर अभिनंदन कापावे, गाडीचे वाक्य ठेवावे.

आपला,
एक तक्रारदार (कोर्टातलाही आणि इथलाही)