मंत्रिमहोदय, आम्ही नोकरीत आहोत की नाही, तेवढे सांगा

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
(हिवाळी मुक्काम : नागपूर)

स. न. वि. वि.

पीएच.डी.च्या यंदाच्या प्रवेशातही तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे अर्ज एका कागदावाचून अडले आहेत. ना-हरकत प्रमाणपत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने अर्धवेळ पीएच.डी.ची सोय केली, हे चांगलेच झाले. अट अशी की, नोकरीच्या ठिकाणच्या सक्षम अधिकाऱ्याने तीन गोष्टी लिहून द्यायच्या : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे संशोधनाआधीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळे करू. महाविद्यालय म्हणते, तुम्ही आमचे कर्मचारीच नाही. ऑर्डर एका सत्राची, मोकळे करू ते कशातून?

बरे, कर्मचारी नाही तर पूर्णवेळ संशोधक होऊ. मग फेलोशिपसाठी लिहून द्यावे लागते की, कुठेही नोकरी नाही, कुठूनही मानधन नाही. तिथे आमचे तासाचे मानधन आडवे येते. म्हणजे सही द्यायची वेळ आली की आम्ही बेरोजगार आणि पैसे द्यायची वेळ आली की कमावते. दोन्ही खिडक्या सरकारी पैशावर चालतात, साहेब. त्यांनी आपसात एकदा ठरवून घ्यावे.

दहा-बारा वर्षे शिकवून संशोधनाकडे परतणाऱ्याच्या वाटेत पुढे काय काय असते, ते आपल्या सचिवांनी आपल्याला सांगितले नसणार. २०२४-२५ पासून आयोगाने पीएच.डी. प्रवेशाला नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरायला सुरुवात केली. जेआरएफ ही संशोधनाची छात्रवृत्ती न मिळालेल्यांसाठी लेखी गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. गुणांची मुदत एक वर्ष. प्रवेशप्रक्रिया रेंगाळली की मुदत उमेदवाराची संपते, विद्यापीठाची नाही. शिवाय त्याच वर्षी १८ जूनला नऊ लाखांवर उमेदवारांनी दिलेली नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली होती. ती चूक दिल्लीची, मान्य. पण भोगायला नागपूरही होते.

खरी गोम मार्गदर्शकांत आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला की नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक पूर्णवेळ, नियमितच हवा. आता विभागात चार पदे धरा. दोन रिक्त आणि एक सर निवृत्तीला टेकलेले. उरलेला एक सहायक प्राध्यापक, जागा चार, त्याही बहुधा भरलेल्या. रिक्त पदांचे वर्ग आम्ही घेतो, पेपर आम्ही तपासतो, पण मार्गदर्शक होऊ शकत नाही आणि विद्यार्थी व्हायला जागा नाही. पद न भरण्याचा हा दुहेरी फायदा वित्त विभागाच्या लक्षात आला आहे की नाही, कोण जाणे. भरतीच्या घोषणेवर आम्ही मात्र आता काही बोलत नाही. अधिवेशनागणिक ती ऐकून पाठ झाली आहे.

समजा, प्रवेश मिळाला. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे आणि त्यात ५५ टक्के हवेत. तास भरतात आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, नागपुरात. नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत गोंदिया आणि भंडाराही येतात. तिकडे सकाळचे तास घेणारा माणूस दुपारी इथे पोचायचा कसा? आणि तास बुडाला की त्याचे मानधन बुडाले. हेच कोर्सवर्क मे महिन्यात सलग ठेवा. तेव्हा आम्हाला तासही नसतात आणि पैसेही नसतात, त्यामुळे कोणाचेच नुकसान नाही.

प्रबंध मराठीत असेल तर आणखी एक गंमत. बहुतेक टंकलेखक अजून कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरे असतात. वाङ्मयचौर्य तपासणारी प्रणाली ती वाचणार कशी? म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर करा म्हणतात. तिथे कृतिदेवात अक्षराच्या आधी टंकलेली पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, रफार सुटतो, जोडाक्षरे फुटतात. तीनशे पाने ओळीओळीने पुन्हा वाचायची. त्यात अवतरणे आणि संदर्भसूची नीट वगळली नाही तर साम्य दहा टक्क्यांवर जाते, आणि दहाच्या वर गेले की प्रबंध दुरुस्तीला परत. एक करता येईल : नोंदणीच्या दिवशीच युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलकाची सक्ती करा, विद्यापीठाने आराखड्याची कोरी फाइल द्यावी. खर्च शून्य. म्हणूनच बहुधा सुचत नाही. खर्चच नाही तर उद्घाटन कसले करणार?

प्रबंध दिल्यावर मूल्यमापन आणि मौखिकी सहा महिन्यांत उरकावी, असे नियम म्हणतो. प्रबंध परीक्षकाकडे पडून राहिला तर जबाबदार कोण, हे विचारायचे कोणाला? विद्यापीठ आयोगाकडे बोट दाखवते, आयोग विद्यापीठ स्वायत्त आहे म्हणतो, आणि मंत्रालय दोघांकडे पाहून पत्र पुढे पाठवते, 'योग्य त्या कार्यवाहीस्तव'.

याच नागपुरात, डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात, पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून सभागृहात झाला होता. सवाल रास्त आहे. उत्तर एवढेच की, नेट किंवा राज्याची सेट परीक्षा झालेल्याला पीएच.डी. सहायक प्राध्यापक होण्यासाठी सक्तीची नाही, पण त्याच्या पुढची पायरी तिच्याशिवाय चढता येत नाही. नियम तुम्हीच करायचे आणि ते पाळायला निघालेल्याची थट्टाही तुम्हीच करायची, काऊन बाप्पा? महाविद्यालयाला मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा दर्जा हवा असतो, विद्यापीठाला क्रमवारी हवी असते, त्या तक्त्यांत पीएच.डी.धारकांचा रकाना असतो. तो रकाना भरायला सगळ्यांना आम्ही हवे असतो. सहीला नको.

शासन निर्णयात एवढी एक ओळ घाला : तासिका तत्त्वावरील अध्यापकास प्राचार्यांनी दिलेले ना-हरकत प्रमाणपत्र अर्धवेळ पीएच.डी.साठी ग्राह्य धरावे, आणि सत्र संपले म्हणून ते रद्द समजू नये. दुसरी ओळ फेलोशिपची : तासाचे मानधन म्हणजे नोकरी नव्हे. दोन्ही ओळी एकाच दिवशी काढा, नाहीतर एक विभाग दुसऱ्याचा आधार घेऊन पुन्हा नाही म्हणेल. अधिवेशनात आपण इथे येताच आहात. मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, तिथवर निवेदन घ्यायला कोणी तरी अधिकारी पाठवावा, आणि त्याला २०२२ ची नियमावली वाचायला लावून पाठवावा.

कळावे,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक
नागपूर