पदकतक्त्यातील क्रमांक आणि त्यामागचा नियम

महोदय,

पॅरिस ऑलिंपिकमधील (२०२४) भारताच्या कामगिरीचा विषय निघाला की ‘एकाहत्तरावा क्रमांक’ हे शब्द हमखास येतात, आणि टोकियोतील ४८व्या स्थानावरून झालेली ही घसरण क्रीडा धोरणाच्या अपयशाचा पुरावा म्हणून मांडली जाते. धोरणात दोष असतीलही. परंतु हा पुरावा तेवढा भार पेलणारा नाही. टोकियोत आपल्याला सात पदके मिळाली होती, पॅरिसमध्ये सहा. एक पदक कमी झाल्याने देश तेवीस स्थाने खाली जात असेल, तर आधी तक्ता मांडण्याची पद्धत तपासायला हवी.

ही पद्धत शब्दकोशासारखी आहे. तेथे जसे पहिले अक्षर सारखे असेल तरच दुसऱ्याचा विचार होतो, तसे येथे सुवर्णपदके समान असतील तरच रौप्य, आणि तीही समान असतील तरच कांस्य पाहिले जाते. त्यामुळे एका सुवर्णापुढे कितीही रौप्यपदके उणीच ठरतात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानने तीन रौप्य आणि पाच कांस्य अशी आठ पदके मिळवली आणि त्याला ६४वे स्थान मिळाले. त्याच्या वर, ६२व्या स्थानी, प्रत्येकी एकच पदक जिंकणारे पाकिस्तान आणि डॉमिनिका हे दोन देश होते. अर्शद नदीमची ९२.९७ मीटरची भालाफेक नीरज चोप्राच्या ८९.४५ मीटरपेक्षा निर्विवाद सरस होती, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्या संध्याकाळी नीरज पहिला आला असता, तर पदके सहाच राहूनही भारत ७१व्या स्थानाऐवजी ५९व्या स्थानी दिसला असता. उरलेल्या पाच पदकांच्या मानकऱ्यांनी त्यासाठी वेगळे काहीच केलेले नसते.

तक्त्याच्या वरच्या टोकालाही हेच घडले. अमेरिका आणि चीन यांची सुवर्णपदके प्रत्येकी ४० झाली आणि रौप्यपदकांच्या जोरावर अमेरिका पहिली ठरली. तिचे चाळिसावे सुवर्ण स्पर्धेच्या अगदी शेवटच्या सामन्यात, महिला बास्केटबॉलच्या अंतिम फेरीत, फ्रान्सवर ६७-६६ अशा एका गुणाच्या विजयातून आले. फ्रान्सच्या खेळाडूने अखेरच्या क्षणी केलेल्या बास्केटच्या वेळी तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता, म्हणून दोनच गुण मिळाले. अन्यथा बरोबरी होऊन सामना जादा वेळेत गेला असता. तो सामना अमेरिका हरली असती, तर एकूण १२६ पदके घेऊनही ती ९१ पदकांच्या चीनमागे दुसरी राहिली असती. (अर्थात, एकूण पदकांनुसार तक्ता छापण्याची अमेरिकी वृत्तपत्रांची जुनी सवय पाहता, तेथील वाचकांना ते कदाचित जाणवलेही नसते.)

सोयीनुसार मोजपट्टी बदलण्यात आपणही मागे नाही. हांगचौ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने १०७ पदके मिळवली, तेव्हा मथळ्यांत शंभरी होती. सुवर्णपदके २८ आहेत हे बातमीच्या पोटात वाचावे लागले. त्याच स्पर्धेत दक्षिण कोरियाची एकूण पदके १९० आणि जपानची १८८ होती, तरीही अधिक सुवर्णपदकांमुळे जपान दुसरा आणि कोरिया तिसरा ठरला. एकूण संख्येची पद्धत अधिक न्याय्य आहे, असे माझे म्हणणे नाही; तिच्यात सुवर्ण आणि कांस्य एकाच भावाने विकले जाते. तीन-दोन-एक असे गुण द्यायचे म्हटले, तरी तीनच का, हा प्रश्न उरतोच. माझा आक्षेप आहे तो नियम न सांगता नुसता क्रमांक छापण्याला.

आपल्या राज्याच्या दृष्टीने तर हा हिशेब विशेष खटकणारा आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेले कांस्य आणि त्यानंतर ७२ वर्षांनी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये मिळवलेले कांस्य, या दोन्ही पदकांचे तक्त्यातील वजन जवळजवळ नगण्य आहे. चौथ्या क्रमांकाला तर तक्त्यात स्थानच नाही. पॅरिसमध्ये भारतीय सहा प्रकारांत चौथे आले. त्यांत मनू भाकर, लक्ष्य सेन, मीराबाई चानू आणि अर्जुन बाबुटा होते. क्रीडा धोरणाची परीक्षा करायची असेल, तर ७१ या आकड्यापेक्षा ही यादी कितीतरी अधिक बोलकी आहे.

ऑलिंपिक सनदेच्या सहाव्या नियमानुसार या स्पर्धा खेळाडूंमध्ये व संघांमध्ये असतात, देशांमध्ये नव्हेत. तरीही वाचकांना तक्ता हवा असतो, मलाही हवा असतो. म्हणून लॉस एंजलिस येथील २०२८च्या स्पर्धेच्या वेळी आपण तो जरूर छापावा. मात्र क्रम कोणत्या नियमाने लावला आहे हे तक्त्याखाली एका ओळीत द्यावे, आणि शेजारी चौथ्या ते आठव्या स्थानांवरील भारतीय खेळाडूंची नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कराड