बोहारणीने परत केलेले कपडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत निघालेले कपड्यांचे गाठोडे यंदाही मी आमच्या नेहमीच्या बोहारणीपुढे सोडले. तिने एकेक कपडा उजेडाकडे धरून पाहिला, शिवणी ताणून पाहिल्या, सासूबाईंची दोन सुती लुगडी आणि यजमानांच्या पॅन्ट बाजूला काढल्या आणि मुलीचे जेमतेम वर्षभरापूर्वी घेतलेले सात टॉप माझ्याकडे परत सरकवले. "ताई, यांना गोळे धरलेत, बाजारात कोणी हात लावायचं नाही," ती म्हणाली.

मोबाइलवरील अ‍ॅपमुळे वापरलेल्या कपड्यांना आता प्रतिष्ठा येत आहे आणि कॉलेजातील मुले ते आवडीने घालतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु कपडा मुळात दुसऱ्याच्या अंगावर जाण्याइतका टिकला तरच हा व्यवहार चालतो. एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्च होते असे सांगितले जाते. येवला-नांदगावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. पॉलिस्टरची गोष्ट वेगळी. ते खनिज तेलापासून बनते, प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू सुटून सांडपाण्यात जातात, आणि जुन्या सुती लुगड्यासारखी त्याची मऊ गोधडीही होत नाही.

आपल्या घंटागाडीत कपडे सुक्या कचऱ्यात पडतात आणि एकदा भिजले, खरकट्याने माखले की चांगला कपडाही वाया जातो. म्हणून महापालिकेने महिन्यातील एक दिवस फक्त कपड्यांसाठी ठेवावा आणि ते निवडण्याचे काम, ओळखपत्र व बसायला सावलीची जागा देऊन, बोहारणींवर सोपवावे. कापडाची पारख त्यांच्याइतकी कोणाला आहे? अगदी चिंध्या उरल्या तरी पानिपतला त्यांचे पुन्हा सूत काढणारे कारखाने आहेत.

रामकुंडावर स्नानानंतर अनेक भाविक अंगावरचे वस्त्र गोदावरीत सोडतात. २०२७ च्या सिंहस्थातील पर्वण्यांना ही संख्या किती वाढेल, याची कल्पना प्रशासनाला असेलच. ती वस्त्रे पाण्यात पडण्याआधीच घाटावर गोळा करण्याची व्यवस्था आतापासून आखावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक