माकड खोटं बोललं का?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज सांगून गेलास, पण माझ्या डोक्यात रात्रभर तेच घोळत राहिलं. माकड-मगरीच्या गोष्टीत छकुलीने तुला मध्येच अडवलं, "बाबा, माकड खोटं बोललं ना?" तुला उत्तर सुचेना. म्हणून दुसऱ्या रात्री तू गोष्टच बदललीस. भर नदीत मगरीला पश्चात्ताप झाला, ती रडली आणि माकडाला परत जांभळीपाशी सोडून आली. काळीज झाडावर विसरल्याची थाप मारायची माकडावर वेळच आली नाही.

तुझी अडचण मला कळते. दिवसा खोटं बोलू नये म्हणायचं आणि रात्री थाप मारून सुटणाऱ्याचं कौतुक करायचं, हे लेकराला कसं समजावायचं? पण बदललेल्या गोष्टीत काय झालं ते बघ. चहूकडे पाणी, खाली मगर, आणि माकडाजवळ स्वतःचं म्हणावं असं फक्त त्याचं डोकं. तेच तू काढून घेतलंस. आता त्याचं जगणं मगरीच्या दयेवर. कुणी गिळायला निघालं तर त्याला पाझर फुटेपर्यंत गप्प बसायचं, हेच छकुलीच्या पदरात पडलं ना? आणि पहिलं खोटं मगरीचं होतं रे, "घरी जेवायला चल" म्हणणारं. ते मात्र कुणाला खटकलं नाही. भोपळ्यातली म्हातारीसुद्धा वाघाला "लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग खा" असं सांगूनच सुटते, आणि तू लहानपणी त्या जागी टाळ्या पिटायचास.

म्हणून चतुर तो चांगला, असं मी म्हणत नाही. पंचतंत्रातलाच बगळा आठव. तळं आटणार आहे अशी भीती घालून तो एकेक मासा चोचीत उचलून नेतो आणि खडकावर बसून खातो. माकडाची थाप आणि बगळ्याची थाप शब्दांनी फार वेगळी नाही. माकड आपल्याहून बलवानाच्या तावडीतून सुटत होतं, बगळा आपल्यावर विसंबलेल्यांना खात होता. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, एवढा फरक ओळखता आला की पुरे.

मग अनान्सी भेटला आणि तेही पुरेनासं झालं. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांच्या गोष्टींतला हा कोळी. आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घ्यायच्या, तर किंमत म्हणून जिवंत अजगर, बिबट्या आणि गांधीलमाश्या आणून द्यायच्या. एवढासा कोळी, पण निव्वळ युक्तीने सगळे पकडून आणतो. गुलाम करून समुद्रापार नेलेल्या माणसांनी त्याला जमैकापर्यंत सोबत नेलं. जिथे ताकद मालकाच्या हातात, तिथे दुबळ्याच्या अकलेची गोष्ट किती जवळची वाटली असेल! पण हाच अनान्सी एका गोष्टीत मेल्याचं सोंग घेतो, स्वतःला शेतात पुरायला लावतो आणि रात्री उठून बायकापोरांच्या वाट्याचं पीक एकटा फस्त करतो. ज्यांना तो इतका हवाहवासा होता, त्यांनीही त्याचा हावरटपणा गाळून टाकला नाही. या गोष्टीचं मला फार मोल वाटतं.

मी मात्र गाळलं होतं, आणि ते तुला सांगायलाच हे पत्र. तुला दमनकाची गोष्ट आठवते? पिंगळक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवणारा तो कोल्हा. मी तुला सांगायचे तेव्हा शेवटी त्याची चोरी उघडी पडायची आणि सगळे प्राणी त्याला चोपून काढायचे. पंचतंत्रात तसं काहीच होत नाही. निरपराध बैल मरतो, सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत काढतो आणि प्रधानाच्या जागी टिकून राहतो. इतरांनाही हे सोसवलं नव्हतं. 8व्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने याच गोष्टी अरबीत 'कलीला व दिमना' म्हणून आणल्या, तेव्हा पदरचं एक अख्खं प्रकरण घातलं. त्यात दिमनावर, म्हणजे आपल्या दमनकावर, खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. त्याने केलं तेच मी केलं, तेच परवा तू केलंस.

पण तुझ्या पहिल्या नोकरीतली ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. वरिष्ठांचे कान भरून एकाने तुझं काम स्वतःच्या नावावर केलं, त्याला बढती मिळाली, आणि तू मला विचारलंस, "आई, असली माणसं शेवटी पकडली जातात ना?" पंचविशीचा मुलगा, पण प्रश्न माझ्या मांडीवर गोष्ट ऐकणाऱ्या पोराचा होता. मी घातलेला तो चोप तुझ्या मनात इतकी वर्षं खरा होऊन बसला होता. मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही.

तेव्हा आज रात्री छकुलीला मूळची गोष्ट सांग. ती पुन्हा विचारेल, माकड खोटं बोललं का? "हो, बोललं," एवढंच म्हण आणि थांब. पुढचं तिला बोलू दे. कदाचित ती म्हणेल माकड बरोबर होतं, कदाचित मगरीची कीव करेल. घाईने निकाल देऊ नकोस.

डोमकावळ्याची गोष्ट मात्र माझ्यासाठी राखून ठेव. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे त्लिंगित आणि हैदा लोक ती सांगतात. जगात काळोख, आणि सगळा उजेड एका म्हाताऱ्याने पेटीत कोंडलेला. डोमकावळा त्याच्या लेकीच्या पोटी नातू होऊन जन्मतो आणि पेटीसाठी हट्ट धरून रडतो. आजोबाला नातवाचं रडणं बघवत नाही. पेटी हातात पडताच नातू पुन्हा कावळा होतो आणि धुराड्यातून उडून जातो. जगाला उजेड मिळतो, म्हाताऱ्याचा नातू जातो. पूर्वी मी ही गोष्ट उजेडाची म्हणून वाचायचे. छकुली झाल्यापासून मला त्या रिकाम्या घरात बसलेला म्हातारा दिसतो. सुट्टीत याल तेव्हा तिला मांडीवर घेऊन सांगेन, आणि कावळा वाईट होता का असं तिने विचारलं, तर त्या म्हाताऱ्याबद्दल तिला काय वाटतं ते आधी ऐकून घेईन.

तुझी,
आई